लॅव्हेंडरची रोपं

लॅव्हेंडर हे तुळस, पुदिना, सब्जा यांच्याच कुळातलं बारमाही झुडूप, मूळ गाव भूमध्य समुद्राभोवतीचे कोरडे, खडकाळ डोंगरउतार. तुळशीची ही भावकी ऐकूनच बरेच जण फसतात. तुळशीसारखं रोज सकाळी तांब्याभर पाणी घातलं की नर्सरीतून आणलेलं टवटवीत रोप पंधरा-वीस दिवसांत काळं पडून जातं. रोप लहान असताना ते उपासमारीने फारसं मरत नाही, लाडाने मरतं.

जाती बऱ्याच आहेत. ज्याला लोक इंग्लिश लॅव्हेंडर म्हणतात ते खरं तर इंग्लंडचं नाहीच, लॅव्हँड्युला अँगस्टिफोलिया हे त्याचं शास्त्रीय नाव, वास सगळ्यात गोड आणि थंडी लागतेच. लॅव्हँडिन हा त्याचा संकर, तेल जास्त निघतं पण बी धरत नाही, त्यामुळे त्याची रोपं फक्त कटिंगपासूनच होतात, आणि बियांच्या पाकिटावर 'ग्रोसो' लिहिलेलं दिसलं तर सरळ परत ठेवायचं, कारण ग्रोसो लॅव्हँडिनच आहे. दातेरी पानांचं डेंटाटा आणि शेपूसारख्या पानांचं मल्टिफिडा ही दोन उष्णता जरा बरी सोसतात, देशावरच्या गच्चीवर आधी हीच लावून बघावीत.

बियांपासून रोप करायचं तर धीर पाहिजे. बी खसखशीपेक्षा जरा मोठं, चकचकीत, गडद तपकिरी. ओलसर टिश्यूत गुंडाळून डब्यात घालून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं (फ्रीझरमध्ये नाही!) की उगवण सुधारते. मग ट्रेमध्ये नुसतं वरून पसरायचं, मातीखाली गाडायचं नाही, कारण उगवायला उजेड लागतो. १५ ते २० अंश तापमानात दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही, आणि सगळी एकदम येत नाहीत. आपल्याकडे यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर बरा. शिवाय बियांची रोपं आईसारखीच निघतील याची खात्री नसते, एक उंच एक बुटकं असंही होतं.

म्हणून कटिंग बरं. फूल नसलेली, खाली जराशी कडक झालेली ८-१० सेंटीमीटरची फांदी, खालची अर्धी पानं काढून वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणात खोचायची, सावलीत पण उजेडात. तीन ते सहा आठवड्यांत मुळं धरतात. हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं तर धरली.

आता माती, सगळी गोम इथे आहे. नुसतं कोकोपीट पाणी धरून ठेवतं, काळी माती त्याहून चिवट, आणि कोकणातली लाल माती आंबट, लॅव्हेंडरला सामू (म्हणजे पीएच, मातीचा आंबटपणा मोजायचा आकडा) ६.५ ते ७.५ च्या आसपास लागतो. साधी माती जेवढी तेवढीच जाड वाळू किंवा पर्लाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे खडे), आणि शेणखत अगदी मूठभर. खत जास्त झालं की रोप लुसलुशीत वाढतं, आडवं पडतं, वासही कमी. कुंडी मातीचीच घ्या, भिंतीतून ओल उडते, आणि लहान रोपाला मोठी कुंडी देऊ नका, मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते.

पाणी कधी, तर बोट दोन पेरं आत घालून कोरडं लागलं तरच, आणि मग भरपूर, बुडातून वाहून जाईपर्यंत. मात्र नुकतं उगवलेलं किंवा नुकतं खोचलेलं असताना पूर्ण सुकू द्यायचं नाही. मुळं कुजायला लागली की खालची पानं पिवळी पडतात आणि माती ओली असूनही रोप मान टाकतं, ते बघून माणूस आणखी पाणी घालतो आणि मग संपलंच. ट्रेमधली बारीक रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात ती बुरशीनेच, दाटी कमी करणं आणि हवा खेळती ठेवणं हाच त्यावरचा खरा उपाय. ऊन दिवसाला सहा तास तरी, पण नर्सरीच्या शेडनेटमधून आणलेलं रोप आठवडाभर हळूहळू उन्हात न्यायचं.

रोप चार-पाच इंचांचं झालं की शेंडा खुडायचा, फुटवे येतात. पहिल्या वर्षीच्या कळ्याही काढून टाकायच्या, जिवावर येतं पण रोपाची ताकद मुळांत जाते.

भारतात हे पीक खरं जमलंय जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भद्रवाहला. साधारण १६०० मीटर उंची, उतारावरची शेतं, आधी तिथे मका व्हायचा. सीएसआयआर या केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेच्या अरोमा मिशनमधून, म्हणजे सुगंधी पिकांच्या योजनेतून, तिच्याच जम्मूच्या आयआयआयएम या संशोधन संस्थेने तिथल्या शेतकऱ्यांना रोपं पुरवली, पहिल्यांदा लावणाऱ्याला फुकट आणि आधी लावलेल्याला ५-६ रुपयांना एक. यालाच लोक जांभळी क्रांती म्हणतात, मे २०२२ मध्ये भद्रवाहला लॅव्हेंडर महोत्सवही झाला.

महाराष्ट्रात अडचण थंडीपेक्षा पावसाळ्याची आहे, चार महिने दमट हवा. कुंडी पत्र्याखाली, भिंतीपासून दूर, विटांवर उचलून ठेवायची आणि रोपं दाटीने नाही. गंमत म्हणजे लॅव्हेंडरची एक सख्खी बहीण इथलीच आहे, घोडेघुई, शास्त्रीय नाव लॅव्हँड्युला बायपिनाटा, पाऊस ओसरल्यावर माळरानावर निळसर-पांढऱ्या तुऱ्यांनी दिसते. ती मुरमाड उतारावर वाढते, कुंडीची माती कशी हवी ते बघायचं तर तिच्या मुळाशी जाऊन बघा, उपटू मात्र नका.