घनमूळ आणि करंगळी

भुसावळचा माझा भाचा बेस गिटार शिकतोय. परवा जळगावला आला तो पाठीला गिटार लावून आणि एक शंका घेऊन. मोबाइलवरच्या धड्यात ऑगमेंटेड अर्पेजिओ दाखवला होता: जाड तारेवर आठवा फ्रेट (दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांनी पाडलेलं घर), पुढच्या तारेवर सातवा, मग सहावा, मग पाचवा. करंगळीपासून तर्जनीपर्यंत चारही बोटं ओळीनं. "हाई काय शे, मामा? सूर चढतो अन् हात मागे येतो!"

कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा गट, आणि अर्पेजिओ म्हणजे कॉर्डचे स्वर एकदम न छेडता एकामागून एक वाजवणं. ऑगमेंटेड कॉर्डमध्ये ते आहेत सा, शुद्ध गंधार, कोमल धैवत आणि वरचा सा. प्रत्येक पायरी चार फ्रेटांची. बेसच्या शेजारच्या तारांमध्ये मात्र पाच फ्रेटांचा फरक असतो. तार बदलली की पाच घरं आयती मिळतात, हवी असतात चार, म्हणून एक परत करायचं. शंका मिटली. पण माझी गाडी आता कुठे सुटली होती.

वरचा सा म्हणजे कंपनसंख्या दुप्पट. तिथे तीन सारख्या पायऱ्यांत पोचायचं, तर प्रत्येक पायरीला कशानं गुणायचं? ज्याचा घन २ येतो त्यानं, म्हणजे २ च्या घनमुळानं: सुमारे १.२६. जाड तार मोकळी छेडली की ४१.२ हर्ट्झ (सेकंदाला तितकी कंपनं), चौथ्या फ्रेटवर ५१.९, आठव्यावर ६५.४, बाराव्यावर ८२.४. तारेची लांबी उलट भागत जाते: ८६४ मिलिमीटर, ६८६, ५४४, ४३२. घनमूळ काढण्याची रीत 'लीलावती'त आहे, आणि त्याच भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला आहे. बारावा फ्रेट तारेच्या मध्यावर, तो कंपास आणि पट्टीनं सापडतो. चौथा मात्र तसा अचूक सापडणारच नाही. २ चं घनमूळ या दोन साधनांनी काढता येत नाही, हे फ्रेंच गणिती वांत्झेल यांनी १८३७ मध्ये सिद्ध केलं.

(बाराव्या फ्रेटपाशी उरलेली तार ४३२ मिलिमीटर. '४३२ हर्ट्झ ऐका, रोग पळवा' असे मेसेज पाठवणाऱ्यांना हे कळू देऊ नका. हर्ट्झ दर सेकंदाला मोजतात, आणि सेकंद माणसानं ठरवलेला आहे.)

आता खरी गंमत. तानपुऱ्यात कानाला गोड लागणारा गंधार १.२६ पट नसतो, तो ५/४ म्हणजे १.२५ पट. मग तीनदा १.२५ घेऊ? उत्तर येतं १.९५३; ८२.४ ऐवजी आपण ८०.५ हर्ट्झवर, वरचा सा चक्क बेसूर. त्यामुळे फ्रेटवाल्यांनी तिन्ही पायऱ्या थोड्या ताणल्या. हा ताण ऐकू येतो. जाड तारेपासून मोजून दुसऱ्या तारेचा सातवा आणि तिसरीचा सहावा फ्रेट एकत्र वाजवा. पहिल्या स्वराचा पाचवा उपस्वर (त्याच तारेत वाजणारा, पाचपट कंपनसंख्येचा स्वर) ४१२ हर्ट्झ, दुसऱ्याचा चौथा ४१५.३, सेकंदाला तीनेक वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. शिवाय तानपुऱ्याचा आधार असलेला पंचम या कॉर्डमध्ये नाही, आणि तिन्ही पायऱ्या सारख्या असल्यानं मूळ सा कुठला हे कानाला ठरवता येत नाही. म्हणून हा कॉर्ड अधांतरी वाटतो.

इथे भाच्यानं जांभई दिली, म्हणून सरावाकडे वळलो. सा चा तानपुरा लावायचा, संथ लयीत आठव्या फ्रेटपासून ओळ वाजवायची, मग नवव्या, दहाव्या, अकराव्यापासून. करंगळी दुखली की थांबायचं. बाराव्यापासून सुरू केलं तर आठव्याचेच तीन स्वर फिरून येतात, फक्त सुरुवात दुसऱ्या स्वरावर.

त्यानं बोटांवर मोजलं. "म्हणजे मूळ ऑगमेंटेड चारच? मग तो मोबाइलवाला बारा कॉर्डचा कोर्स कशाला विकतो?"