विल्यम ऑग्डन: चिखलात प्लॉट विकायला आला आणि शिकागोचा पहिला मेयर झाला

शिकागोतल्या ऑग्डन अव्हेन्यूला ज्याचं नाव आहे तो विल्यम बटलर ऑग्डन मुळात शिकागोचा नव्हताच, १८०५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्टन गावात जन्मला आणि १८३५ मध्ये इकडे आला तो फक्त बहिणीच्या नवऱ्याने, चार्ल्स बटलरने घेतलेल्या जमिनीची व्यवस्था लावायला.

त्याआधी दोनच वर्षांपूर्वी पोटावाटोमी आणि इतर मूळ रहिवाशांकडून करार करून हा सगळा मुलूख काढून घेतला होता (‘करार’ म्हणायचं एवढंच), त्यात मिशिगन लेकला इलिनॉय नदीशी जोडणारा कालवा होणार अशी हवा, त्यामुळे प्लॉटचे भाव नुसते पेटलेले. ऑग्डन पोचला तर जमीन पाण्याखाली, पाऊल टाकलं की चिखलात रुतणार, दाजींनी केवढा मूर्खपणा केलाय असंच त्याचं मत झालं. पण रस्ते आखून लिलाव केला तर साधारण एक तृतीयांश जमिनीतच गुंतवलेले सगळे पैसे वसूल! पठ्ठ्या तिथेच राहिला.

१८३७ मध्ये शिकागोला शहराचा दर्जा मिळाला, लोकसंख्या जेमतेम ४,२००, आणि डेमोक्रॅट ऑग्डन जॉन किन्झीला हरवून पहिला मेयर झाला. त्याच वर्षी मंदी आली, जमिनीचे भाव कोसळले, कर्जवसुली थांबवा म्हणून लोक मागे लागले पण हा नाही बधला, शहराची पत गेली तर पुन्हा कोण पैसा लावणार असं त्याचं म्हणणं. त्यात स्वतःच्या जमिनींचा हिशोब असणारच, इथे मेयर आणि बिल्डर वेगळे काढताच येत नाहीत. नदीवर पूल झाला, रस्ते झाले की शहराचाही फायदा आणि ऑग्डनच्या प्लॉटचाही.

त्याचा खरा मोठा डाव मात्र रेल्वेचा. गॅलेना अँड शिकागो युनियन रेल्वे १८३६ पासून कागदावरच पडून होती. शिकागोचे व्यापारी पैसे द्यायला तयार नव्हते, कारण रेल्वे आली तर शेतकरी बैलगाडी घेऊन शहरात येणार नाही आणि आपल्या दुकानात खरेदी करणार नाही ही भीती. मग १८४७ मध्ये ऑग्डन आणि त्याचा सहकारी स्कॅमन घोडागाडीतून गावोगाव फिरले आणि थेट शेतकऱ्यांनाच शेअर विकले. १८४८ च्या अखेरीस ‘पायोनियर’ नावाचं सेकंडहँड इंजिन धावलं, आणि सुरुवातीच्याच फेरीत परत येताना शहरात गहू घेऊन आलं. पुढे १८६२ मध्ये युनियन पॅसिफिक रेल्वे कंपनीचा पहिला अध्यक्षही तोच.

८ ऑक्टोबर १८७१ ला शिकागोच्या आगीत त्याचं घर गेलं, आणि त्याच रात्री विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगोचं जंगल पेटलं, तिथे त्याच्या लाकडाच्या कंपनीची राखरांगोळी झाली. तोवर तो बराचसा न्यूयॉर्कलाच राहायला लागला होता, १८७७ मध्ये वारला तोही तिथेच.