परतीची तार कशाला?

दोन सेलांची साधी बॅटरी उघडून बघा. तळाच्या झाकणात स्प्रिंग, तिच्यावर टेकलेलं सेलचं सपाट बूड, म्हणजे ऋण टोक. वर पितळी टोपीचं धन टोक आणि त्याला चिकटलेला इवलासा दिवा. बटण सरकवलं की आतली पत्र्याची पट्टी दिव्याची कड आणि ती स्प्रिंग जोडते. वाट पुरी होते आणि दिवा लागतो.

शाळेत मला एक कोडं पडायचं. वीज दिव्यात जाऊन संपत असेल, तर परतीची वाट हवीच कशाला? उत्तर असं की ती संपतच नाही. दिव्याच्या अलीकडे ॲमीटर लावा, मग पलीकडे लावा, अलीकडे ०.३ अँपिअर दिसला तर पलीकडेही ०.३ च दिसणार. म्हणजे दर सेकंदाला १९ वर १७ शून्यं इतके इलेक्ट्रॉन दिव्यात शिरतात आणि तेवढेच बाहेर पडतात.

विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. गाडगी भरून वर येतात, पन्हळीत रिती होतात आणि पुन्हा खाली जातात. पाणी शेतात राहतं, गाडगी मात्र तेवढीच. इथे सेल म्हणजे विहीर, इलेक्ट्रॉन म्हणजे गाडगी आणि दिव्याला मिळते ती ऊर्जा म्हणजे पाणी. माळ एके ठिकाणी तुटली की सगळीच थांबते. बटण बंद करतो तेव्हा हेच होतं.

इलेक्ट्रॉन पुढे सरकतात तरी किती हळू! एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेत ०.३ अँपिअर प्रवाह असेल, तर त्यांची वाटचाल तासाला जेमतेम ८ सेंटिमीटर. तरी दिवा लगेच लागतो, कारण तार आधीपासूनच इलेक्ट्रॉनांनी भरलेली असते. विद्युतक्षेत्राचा रेटा जवळपास प्रकाशाच्या वेगाने सगळीकडे पोचतो आणि सगळी माळ एकदम हलते. दिव्यातली टंगस्टनची तार केसाहून बारीक. तेवढ्याच इलेक्ट्रॉनांना तिथून दाटीवाटीने, अणूंना धडकत जावं लागतं; त्या धडकांनी ती तार २००० अंश सेल्सिअसच्या वर तापते आणि उजळते.

मग सेल 'संपतो' तेव्हा काय संपतं? साध्या सेलचं आतलं डबडं जस्ताचं असतं आणि तेच ऋण टोक. बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन जस्ताच्या अणूंनी सोडलेले असतात. ते सोडताना जस्त आतल्या मसाल्यात विरघळत जातं. फार दिवस बॅटरीत विसरलेला सेल चिकट होऊन ओघळतो, तो त्या पातळ झालेल्या जस्ताला भोक पडल्यामुळे.