मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरची जाळी आणि याग लेझर: पार्श्वभूमी

आधी मोतीबिंदू, म्हणजे डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग, त्याच्या पातळ पिशवीसकट अख्खा बाहेर काढायचे, त्यामुळे मागे जाळी (ऑपरेशननंतर पिशवीच्या मागच्या भागावर येणारा धुरकटपणा) धरायला काही उरायचंच नाही, पण पेशंटच्या नाकावर जाड भिंगाचा चष्मा कायमचा. 1970 च्या दशकाच्या शेवटी पिशवी आत ठेवून तिच्या आधाराने लेन्स बसवायला लागले आणि तिथूनच जाळीची तक्रार वाढली, कारण पिशवीत चिकटून राहिलेल्या पेशी मागच्या बाजूला सरकून वाढतात.

मग सर्जन लोकांत खरा वाद पेटला. एक गट म्हणायचा की ऑपरेशनच्या वेळीच मागच्या पिशवीला मधोमध भोक पाडून टाका, जाळीची भानगड नको, पेशंटला परत यायला नको. दुसऱ्यांचं म्हणणं, ती पिशवी म्हणजे डोळ्याच्या मागच्या भागात भरलेल्या जेलीला अडवणारी भिंत आहे, ती फोडली की जेली पुढे सरकते, पडद्याला (रेटिनाला) सूज येऊ शकते, पडदा सुटूही शकतो. माझ्या मते दुसरा गट बरोबर होता, पण जाळी आली तर सुईने किंवा बारीक चाकूने फाडायची म्हणजे डोळा परत उघडायचा, इन्फेक्शनची भीती परत, त्यामुळे त्यांची बाजू लंगडी पडायची.

ती सावरली याग लेझरने. 1980-81 च्या सुमारास पॅरिस आणि बर्नमध्ये हे काम पुढे आलं. पडद्यासाठी वापरतात तो आर्गन लेझर जाळून काम करतो, त्याला रंग लागतो, पारदर्शक पिशवीवर तो चालत नाही. यागचा 1064 नॅनोमीटरचा झोत नेमक्या बिंदूवर क्षणभर ठिणगी पाडतो आणि धक्क्याने पिशवी फाटते. झोत डोळ्याला दिसत नाही म्हणून नेम धरायला वेगळा लाल ठिपका असतो. हनुवटी टेकवायची, टिक टिक आवाज, काही मिनिटांत काम झालं.

लहान मुलांत मात्र आजही पहिल्या गटाचंच चालतं, त्यांच्यात जाळी जवळपास हमखास येते आणि मशीनसमोर ती स्थिर बसत नाहीत, म्हणून भोक ऑपरेशनमध्येच. मोठ्यांत 1990 च्या दशकात चौकोनी कडेच्या लेन्स आल्या आणि जाळीचं प्रमाण बरंच घटलं.

पण लेझर सोपा आहे म्हणून घाई करणं मला पटत नाही. भिंत तोही फोडतोच, नंतर काही तास डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं, मोठ्या मायनस नंबरवाल्यांना पडद्याचा धोका जास्त. आणि मल्टिफोकल (जवळचं-लांबचं दोन्ही दाखवणारी) लेन्स बसवलेला पेशंट दिव्यांभोवती वलयं दिसतात म्हणून आला आणि नीट न तपासता लेझर मारला, तर दोष लेन्सचाच निघाल्यावर ती बदलणं फार अवघड होऊन बसतं, कारण तिला धरणारी पिशवी आता फाटलेली असते.