ज्वालामुखी क्रिया आणि मुंबईचा भूभाग

भूगर्भातील वितळलेला शिलारस, त्यातील वायू आणि खडकांचे तुकडे कवचातील भेगांतून किंवा नळीतून पृष्ठभागावर येण्याच्या क्रियेस ज्वालामुखी क्रिया म्हणतात. मुंबईच्या आसपास आज एकही ज्वालामुखी नाही. मात्र शहराखालचा जवळजवळ सगळा कठीण खडक याच क्रियेतून घडला आहे.

कवचाखालचे प्रावरण अतिशय तप्त असले तरी दाबामुळे बहुतांशी घनच असते. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाह्य थराचे सरकते तुकडे, एकमेकांपासून दूर सरकून दाब उतरला, खाली जाणाऱ्या पट्टाबरोबर गेलेल्या पाण्यामुळे खडकाचा वितळणबिंदू घटला किंवा खोलवरून तप्त द्रव्याचा स्तंभ वर आला, की प्रावरणाचा काही अंश वितळतो. हा शिलारस भोवतालच्या खडकाहून हलका असल्याने वर चढतो. त्यात सिलिका, म्हणजे वाळूतील मुख्य घटक, अधिक असेल तर तो चिकट होतो, वायू कोंडून राहतात आणि उद्रेक स्फोटक ठरतो. सिलिका कमी असेल तर पातळ लाव्हा दूरवर पसरतो. महाराष्ट्राच्या वाट्याला मुख्यतः दुसरा प्रकार आला.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना हिंदी महासागरातील आजच्या रियुनियन बेटाजवळील तप्तस्थळावरून, म्हणजे तप्त द्रव्याचा असा स्तंभ वर येणाऱ्या जागेवरून, गेला आणि लांबलचक भेगांतून लाव्हाचे थर एकावर एक साचले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज हा बेसाल्ट, म्हणजे काळवत्री दगड, सुमारे 5 लाख चौ. किमी. क्षेत्रावर आढळतो. मुंबईतील बराचसा खडक या मुख्य उद्रेकांनंतरचा असून त्यात विविधताही अधिक आहे. मनोरी-गोराई भागात सिलिकायुक्त, फिकट रंगाचे खडक दिसतात. घाटमाथ्यावर थर जवळजवळ आडवे आहेत, तर मुंबईत ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कललेले आहेत. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थराखाली गोड्या पाण्यातील गाळाचे थर मिळाले आणि त्यांत लहान बेडकांचे जीवाश्म सापडले. दोन उद्रेकांमध्ये तळी साचून जीवसृष्टी परतण्याइतका निवांत काळ गेला होता, याचा एवढा स्पष्ट पुरावा भर शहरात मिळावा, हे विशेष होय.

अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे 60 मी. उंच आहे. जाड शिलारस सावकाश थिजताना आकसतो आणि त्याला थंड होणाऱ्या पृष्ठाशी काटकोनात तडे जातात. त्यामुळे टेकडीच्या उभ्या कड्यावर बहुभुजी खांब एकमेकांना चिकटून उभे दिसतात. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे आणि पायथ्याशी इमारती अगदी कड्याला भिडल्या आहेत. भोवतालचा दगड खाणींनी नेला नसता, तर हे खांब इतके उघडे पडले नसते, हेही नमूद करावे लागेल.

ज्वालामुखीचा पर्यावरणावरील सर्वांत दूरगामी परिणाम लाव्हापेक्षा वायूंमुळे होतो. उंच वातावरणात पोहोचलेल्या सल्फर डायऑक्साइडपासून सल्फेटचे सूक्ष्म कण बनतात व ते सूर्यप्रकाश परतवतात. फिलिपीन्समधील पिनाटुबोच्या 1991 च्या उद्रेकानंतर जगाचे सरासरी तापमान तात्पुरते सुमारे 0.5 अंश सेल्सिअसने उतरले. इंडोनेशियातील तांबोराच्या 1815 च्या उद्रेकानंतरच्या वर्षी युरोप व उत्तर अमेरिकेत उन्हाळा फिरकलाच नाही आणि पिके बुडाली. महाराष्ट्राचा बेसाल्ट घडवणाऱ्या दख्खनच्या उद्रेकांचा डायनोसॉरांच्या विनाशात नेमका किती वाटा होता, यावर मात्र अजून एकमत नाही.

माणसाला या खडकाने दिलेही पुष्कळ. बेसाल्ट झिजून तयार झालेली काळी रेगूर मृदा ओल धरून ठेवते. विदर्भ-खानदेशचा कापूस तिच्यावर पोसला आणि 1854 पासून उभ्या राहत गेलेल्या मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचला. घारापुरीची लेणी बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत, गेटवे ऑफ इंडिया खारोडीच्या पिवळसर बेसाल्टमध्ये बांधला गेला, तर मालाड आणि कुर्ल्याच्या खाणींतील दगड फोर्टमधील अनेक सार्वजनिक इमारतींत आहे. याच खडकाची दुसरी बाजू विहीर खणणारे जाणतात: अखंड काळवत्रीत पाणी मुरत नाही, ते भेगांत आणि मुरमात शोधावे लागते.

वज्रेश्वरी-गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरे पाहून तेथे ज्वालामुखी धुमसत असावा, असा समज आढळतो. प्रत्यक्षात भेगांतून खोल गेलेले पाणी भूगर्भातील उष्णतेने तापून वर येते. भारतातील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमानातील बॅरन बेटावर असून, दीर्घ विश्रांतीनंतर तो 1991 मध्ये पुन्हा सक्रिय झाला.