मोटारविक्री : डीलर पद्धत व थेट विक्री

नवी मोटारगाडी कारखान्यातून ग्राहकाकडे पोहोचवण्याच्या दोन व्यापारपद्धती. डीलर पद्धतीत उत्पादक कंपनी एखाद्या स्वतंत्र व्यापाऱ्याला करार करून आपली गाडी विकण्याचा अधिकार देते. हा डीलर घाऊक किमतीला गाड्या स्वतः विकत घेतो, साठ्याची जोखीम उचलतो, अंतिम भाव ग्राहकाशी ठरवतो आणि दुरुस्ती-देखभालही पाहतो. थेट विक्रीत कंपनी स्वतःच्या दालनातून वा संकेतस्थळावरून, बहुधा एकाच जाहीर किमतीला, गाडी विकते. बहुतेक देशांत यांपैकी कोणती पद्धत घ्यायची हे कंपनी व्यापारी हिशेबाने ठरवते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र तो निर्णय राज्याराज्यांच्या कायद्यांनी बांधलेला आहे. त्यामुळे या विषयावरचे बरेचसे संशोधन आणि महत्त्वाचे निवाडे तिथलेच आहेत.

उगम : पहिला डीलर कोण, यावर एकमत नाही. पेनसिल्व्हेनियातील रेडिंग येथील एच. ओ. कोलर यांना विंटन कंपनीच्या गाड्या विकण्याचा अधिकार १८९८ मध्ये मिळाला असे सामान्यतः सांगितले जाते. डेट्रॉइटमधील विल्यम मेट्झगर यांचे मोटारींचे दुकानही त्याच सुमाराचे. काही लेखक ते वर्षभर आधीचे मानतात. मेट्झगर हे निरनिराळ्या कंपन्यांच्या गाड्या विकणारे स्वतंत्र दुकानदार होते, तर कोलर यांचा व्यवहार एका उत्पादकाशी बांधलेला होता. आजच्या अर्थाने डीलर म्हणायचे तर कोलर यांचा दावा अधिक ग्राह्य वाटतो.

त्या काळात डीलर हा अनेक मार्गांपैकी एक होता. कारखान्यात जाऊन गाडी घेता येई, फिरते विक्रेते मागणी नोंदवत, काही कंपन्या मोठ्या शहरांत स्वतःच्या शाखा चालवत. वॉनामेकर या मोठ्या बहुविध वस्तुभांडाराने फोर्डच्या सुरुवातीच्या गाड्या विकल्या. सिअर्स कंपनीने १९०८ ते १९१२ या काळात आपली मोटार बग्गी टपालाच्या सूचिपत्रातून विकली. म्हणजे थेट विक्री ही इंटरनेटच्या काळातील नवी कल्पना नाही. ती मोटारीइतकीच जुनी आहे आणि एकदा मागे पडलेली आहे.

ती मागे का पडली, याचे उत्तर भांडवलात शोधणारे अभ्यासक अधिक पटतात. सुरुवातीचे उत्पादक सुटे भाग उधारीवर घेत आणि जोडलेली गाडी डीलरला रोखीने देत. डीलरने आगाऊ भरलेली रक्कम हेच अनेक कारखान्यांचे खेळते भांडवल होते. याला दोन कारणांची जोड मिळाली. एक, दुरुस्तीची सोय जवळ असल्याशिवाय ग्राहक गाडी घेईना. दुसरे, पहिल्या महायुद्धानंतर नव्या गाडीच्या बदल्यात जुनी देण्याची प्रथा वाढली, आणि जुन्या गाडीची किंमत दूरच्या कार्यालयातून ठरवणे कंपनीला शक्य नव्हते.

सक्ती व संरक्षण : करार लिहिणारी कंपनी आणि त्यावर सही करणारा डीलर हे तुल्यबळ नव्हते. करार अल्प मुदतीच्या सूचनेने, कारण न देता रद्द करता येई. डीलरची इमारत, यंत्रसामग्री आणि गावातील नाव मात्र त्या एका गाडीवर अवलंबून असे. १९२०–२१ च्या मंदीत हा विषमपणा उघडा पडला. भागधारकांचे हिस्से विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज फेडण्याची वेळ फोर्ड कंपनीवर आली, तेव्हा तिने न मागितलेल्या गाड्याही डीलरांकडे पाठवून रोख पैसे मागितले. नकार दिल्यास डीलरकी जाण्याची भीती होती. डीलरांनी स्थानिक बँकांकडून कर्जे काढली आणि कंपनीवरील कर्जाचा भार प्रत्यक्षात त्यांच्या खांद्यांवर आला. डीलरांच्या पुढील सर्व कायदेविषयक चळवळीच्या मुळाशी हा अनुभव आहे, हे नीट ध्यानात घेतल्याशिवाय आजचा वाद समजत नाही.

राज्यांचे कायदे १९३० नंतरच्या दशकात येऊ लागले; विस्कॉन्सिनचा १९३७ चा परवाना कायदा सामान्यतः अगदी पहिल्यांत गणला जातो. संघीय व्यापार आयोगाने १९३९ मध्ये मोटार उद्योगावर दिलेल्या अहवालात कंपन्यांकडून होणाऱ्या दडपणाची दखल घेतली. सिनेटसमोरील सुनावण्यांनंतर १९५६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने (काँग्रेसने) डीलरांना कंपनीविरुद्ध संघीय न्यायालयात दाद मागण्याचा हक्क दिला. पण त्या कायद्यातील ‘सद्भाव’ या संज्ञेचा अर्थ न्यायालयांनी अरुंद केला : सक्ती किंवा धमकी सिद्ध झाली तरच दावा टिके. डीलर मग पुन्हा राज्यांच्या विधिमंडळांकडे वळले, आणि हळूहळू तीन प्रकारची कलमे रूढ झाली. सबळ कारणाशिवाय करार संपवता येणार नाही. जवळच्या क्षेत्रात त्याच गाडीचा दुसरा डीलर नेमल्यास जुना डीलर हरकत घेऊ शकेल. आणि उत्पादकाने स्वतः किरकोळ विक्री करू नये. यांपैकी दुसऱ्या प्रकारचे कॅलिफोर्नियातील कलम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ऑरिन फॉक्स खटल्यात वैध ठरवले.

तिसऱ्या कलमाची कालनिश्चिती अवघड आहे, कारण ते राज्यागणिक वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या शब्दांत आले. १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी डीलरांचे व्यवसाय स्वतःकडे घेण्याचे प्रयत्न केले. अनेक ठिकाणी बंदी कडक झाली ती त्याच सुमारास असे दिसते. फोर्डने वापरलेल्या गाड्या संकेतस्थळावरून विकण्याचा केलेला प्रयत्नही टेक्सासच्या कायद्यात अडकला आणि २००१ मध्ये पाचव्या विभागीय अपील न्यायालयाने तो कायदा उचलून धरला.

अर्थशास्त्रीय मते : थेट विक्रीवरील बंदीविरुद्धचा जुना युक्तिवाद दुहेरी नफ्याचा आहे. कंपनी घाऊक किमतीत आपला नफा धरते, डीलर त्यावर आपला चढवतो. दोघांचा मिळून भाव एकाच विक्रेत्याच्या भावापेक्षा जास्त आणि विक्री कमी होते. डीलरांच्या बाजूने उत्तर दिले जाते की एकाच गाडीचे अनेक डीलर असले की ग्राहक दोघा-तिघांकडे भाव विचारून किंमत पाडू शकतो. तत्त्वतः हे खरे आहे, पण क्षेत्रसंरक्षणाचे कलम हीच स्पर्धा कमी करते, आणि दोन्ही गोष्टींचा आग्रह एकदम धरणे कठीण जाते.

जेराल्ड बोडिश यांनी २००९ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागासाठी लिहिलेल्या निबंधात थेट, मागणीनुसार उत्पादनाने गाडीच्या किमतीत सुमारे ८.६ टक्के बचत होईल हा गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेच्या विश्लेषकांचा २००० सालचा अंदाज उद्धृत केला आहे. हा आकडा पुढे डीलर काढून टाकल्याने होणारी बचत म्हणून सर्रास वापरला गेला. तो तसा नाही. त्यात साठा कमी होणे, मागणीप्रमाणे गाडी बनल्याने सूट द्यावी न लागणे, वाहतूक इत्यादींचाही वाटा आहे. कंपनी आधी गाड्या बनवून मग गिऱ्हाईक शोधत राहिली, तर थेट विक्रीनेही ही बचत होणार नाही. लाफोंतेन व स्कॉट मॉर्टन या अर्थशास्त्रज्ञांच्या २०१० च्या लेखात डीलर कायद्यांमुळे डीलरांचे जाळे कमी करणे कंपन्यांना किती महाग झाले होते ते दाखवले आहे. २००९ च्या दिवाळखोरीत क्रायस्लरने ७८९ डीलरांचे करार संपवले, ते दिवाळखोरी न्यायालयाच्या अधिकारामुळेच शक्य झाले.

टेस्लानंतरचे वाद : टेस्लाने २००८ मध्ये लॉस एंजेलिस येथे स्वतःचे पहिले दालन उघडले. तिचे डीलर कधीच नव्हते. त्यामुळे प्रश्न असा पडला की ज्या कंपनीने कोणाशी करार केलेला नाही, तिच्यापासून संरक्षण कोणाला द्यायचे? मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये म्हटले की कायदा डीलरला त्याच्याच कंपनीच्या अन्यायापासून वाचवण्यासाठी आहे. अन्य कंपन्यांच्या डीलरांना टेस्लाविरुद्ध दावा लावता येत नाही. कायद्याचा वर दिलेला इतिहास पाहता हा अर्थ मूळ हेतूशी अधिक जुळतो. मिशिगनने त्याच वर्षी उलट पाऊल उचलले. ‘आपल्या डीलरांमार्फतच’ विक्री करावी अशा आशयाच्या कलमातील ‘आपल्या’ हा शब्द वगळून ज्यांना डीलरच नाहीत अशा कंपन्यांनाही बंदी लागू केली. त्याविरुद्ध टेस्लाने लावलेला खटला २०२० मध्ये तडजोडीने मिटला. न्यू जर्सीने २०१५ मध्ये मर्यादित परवानगी दिली. न्यू मेक्सिकोत टेस्लाने राज्याचा कायदा लागू न होणाऱ्या नांबे प्युब्लो या आदिवासी भूमीवर २०२१ मध्ये केंद्र उघडले.

याहून अवघड प्रश्न फोक्सवॅगन समूहाच्या स्काउट या कंपनीने उभा केला आहे. तिने २०२४ मध्ये थेट विक्री जाहीर केली, पण तिच्या मूळ समूहाचे अमेरिकेत डीलर आहेत. १९२१ च्या डीलरांची भीती इथे पुन्हा खरी ठरू शकते : ज्याने वर्षानुवर्षे एका समूहाच्या गाड्यांसाठी दालन बांधले, त्याच्याशी त्याच समूहाने स्पर्धा करायची.

अन्य देश : ब्रिटनमध्ये देवू कंपनीने १९९५ मध्ये डीलरांशिवाय, ठरावीक किमतीला विक्री सुरू केली होती, पुढे तीही डीलरांकडे वळली. युरोपात अलीकडे अभिकर्ता पद्धत हा मधला मार्ग चर्चेत आहे. यात गाडी कंपनीच्या मालकीची राहते, भाव कंपनी ठरवते आणि पूर्वीचा डीलर ठरीव मोबदल्यावर गाडी ग्राहकाच्या हवाली करतो. युरोपीय स्पर्धा कायद्यानुसार मात्र भाव ठरवण्याची ही मुभा अभिकर्त्यावर विक्रीची आर्थिक जोखीम जवळजवळ नसेल तरच मिळते. साठा, प्रात्यक्षिक गाड्या, दालनावरील खास गुंतवणूक यांचा खर्च कंपनीलाच सोसावा लागतो. हा खर्च लक्षात आल्यावर फोर्ड व जग्वार लँड रोव्हर यांसारख्या कंपन्यांनी युरोपातील बेत मागे घेतले. मर्सिडीझ-बेंझने ही पद्धत स्वीडन, भारत (२०२१) व ऑस्ट्रेलिया (२०२२) येथे आणली. ऑस्ट्रेलियातील डीलरांनी, आपण कमावलेली ग्राहकांची पत कंपनीने मोबदल्याशिवाय घेतली असे म्हणत, सुमारे ६५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई मागितली; संघीय न्यायालयाने २०२३ मध्ये तो दावा फेटाळला.