अभिजात चित्रपटांची वाट दाखवणारे कोश कसे घडले

जुना, चांगला चित्रपट पाहायचा म्हटलं की रसिक एखादी जाडजूड मार्गदर्शिका उघडतो. चित्रपटाचं नाव, वर्ष, लांबी, दिग्दर्शक, प्रमुख कलाकार, तीन-चार ओळींचं मत आणि शेजारी तारे. नोंदीची ही चौकट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कुणी आणि कशासाठी आखली, हे विचारावंसंही वाटत नाही. ते विचारायला हवं. आपण ज्यांना अभिजात म्हणतो त्यांची निवड नुसत्या गुणवत्तेवर झालेली नाही. कोणता चित्रपट टिकला आणि कोणता लोकांना घरबसल्या पाहायला मिळाला, यावरही ती झाली. कोशकाराच्या डोळ्यांसमोर जे आलं, तेच कोशात आलं.

सिनेमाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांत जुन्या चित्रपटाला किंमतच नव्हती. खेळ उतरला की प्रिंट अडगळीत. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेणारी, सांभाळायला खर्चिक. तिच्यातली चांदी मात्र काढून विकता येई. बोलपट आले आणि मूकपट कुणाला नकोसे झाले. लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार अमेरिकेत तयार झालेल्या सुमारे ११,००० मूक कथापटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण टिकले ते अवघे १४ टक्के. तारे देण्याची पद्धतही याच सुमाराची. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी १९२८ मध्ये ती सुरू केली. पण ते तारे त्या आठवड्यात लागलेल्या चित्रपटांसाठी होते. आठवडा सरला की त्यांचं काम संपत असे.

जुनं जपायला हवं, असं म्हणणारी माणसं १९३० च्या दशकात उभी राहिली. लंडनच्या फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या आयरिस बॅरी न्यूयॉर्कला गेल्या आणि १९३५ मध्ये तिथल्या आधुनिक कला संग्रहालयात चित्रपटांचं दालन सुरू झालं. बॅरी हॉलिवूडला गेल्या, मूकपटांच्या गाजलेल्या अभिनेत्री मेरी पिकफर्ड यांच्या घरी निर्मात्यांना भेटल्या आणि जुने चित्रपट संग्रहालयाकडे सोपवायची गळ घातली. मिळालेल्या चित्रपटांचे गट करून ते महाविद्यालयांना आणि इतर संग्रहालयांना पाठवले जात, सोबत टिपणं असत. कोणता चित्रपट आधी पाहायचा, कोणता कोणाच्या शेजारी ठेवून पाहायचा, हे त्या टिपणांनी शिकवलं. मला तरी आजच्या कोशांचं खरं मूळ तिथेच दिसतं.

पॅरिसमध्ये १९३६ साली आंरी लांग्लोआ आणि जॉर्ज फ्रांजू यांनी सिनेमाथेक फ्रांसेज स्थापन केलं. लांग्लोआंचा आग्रह असा, की निवड करायचीच नाही, मिळेल ते सगळं ठेवायचं. उद्या काय मोलाचं ठरेल ते आज कुणाला कळणार? लंडनमध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या संग्रहाचे प्रमुख अर्नेस्ट लिंडग्रेन मात्र निवडून, पारखून आणि शास्त्रशुद्ध जपण्याच्या बाजूचे. या दोन वृत्तींमधला ताण पुढच्या प्रत्येक मार्गदर्शिकेत उतरला आहे: सगळं द्यायचं, की चांगलं तेवढंच?

तरीही संग्रहालयं मूठभर शहरांत होती. घराघरात मार्गदर्शिका गेली ती टेलिव्हिजनमुळे. आरंभी हॉलिवूडचे मोठे स्टुडिओ टीव्हीला प्रतिस्पर्धी मानत आणि आपले चित्रपट देत नसत. १९५५ च्या अखेरीस आरकेओ स्टुडिओच्या सुमारे ७४० चित्रपटांचे टीव्ही हक्क विकले गेले आणि बांध फुटला. १९५६ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने आपले १९५० पूर्वीचे चित्रपट विकले. १९५८ मध्ये पॅरामाउंटचा जुना साठा एमसीए कंपनीने ५ कोटी डॉलरना घेतला. दुपारी, रात्री उशिरा, पहाटे, जिथे वेळ रिकामी असेल तिथे वाहिन्या हे चित्रपट लावू लागल्या. वर्तमानपत्रात फक्त नाव आणि वेळ छापलेली असे. वीस वर्षांपूर्वीचा हा कोणता चित्रपट, जागून पाहण्याच्या लायकीचा आहे का, हे सांगणारं कुणी नव्हतं.

स्टीव्हन शोयर यांनी १९५८ मध्ये टीव्हीवरच्या चित्रपटांचं मूल्यमापन करणारं पुस्तक काढलं ते नेमक्या याच गरजेपोटी. त्यानंतर आले लेनर्ड मॉल्टिन. शाळेत असतानाच ते जुन्या चित्रपटांवर छोटं मासिक चालवत. त्यांची ‘टीव्ही मूव्हीज’ ही मार्गदर्शिका १९६९ मध्ये निघाली तेव्हा ते १८ वर्षांचे होते. पुढे त्यांनी सहकारी जमवले, नोंदी वाढत गेल्या आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून दरवर्षी नवी आवृत्ती येऊ लागली. खिशात बसणारा आकार आणि बायबलच्या कागदासारखी पातळ पानं असलेलं हे पुस्तक कित्येक घरांत टीव्हीशेजारीच असे.

ब्रिटनमध्ये हेच काम लेस्ली हॅलिवेल यांनी केलं, आणि त्यांच्या नोकरीमुळे त्याला वेगळाच अर्थ आला. ते वाहिन्यांसाठी चित्रपट खरेदी करत. म्हणजे कोश लिहिणारा हात आणि टीव्हीवर काय दिसणार हे ठरवणारा हात एकच. १९६५ मध्ये त्यांचा पहिला कोश आला, त्याला प्रस्तावना आल्फ्रेड हिचकॉक यांची होती. १९७७ मध्ये चित्रपटवार मार्गदर्शिका आली. हॅलिवेल यांचा जीव १९३० आणि ४० च्या दशकांतल्या हॉलिवूडवर होता. नंतरच्या सिनेमाबद्दल त्यांची नाराजी पानोपानी जाणवते. मला हा दोष वाटत नाही. आवडनिवड उघड असलेल्या कोशकाराशी भांडता येतं, आणि भांडता भांडता आपली नजर तयार होते. सगळ्यांच्या मतांची सरासरी काढलेल्या आकड्याशी भांडण करता येत नाही.

टीव्हीने एखाद्या चित्रपटाचं नशीब कसं फिरवलं, याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे फ्रँक काप्रा यांचा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’. १९४६ च्या या चित्रपटाने गल्ल्यावर निराशा केली. त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार २८ वर्षांनी स्वामित्वहक्काचं नूतनीकरण करावं लागे; १९७४ मध्ये ते करायचं राहून गेलं. त्यामुळे वाहिन्या मानधन न देता तो दाखवू लागल्या, नाताळच्या दिवसांत तर पुन्हा पुन्हा. एक पिढी तो पाहतच मोठी झाली. १९९३ मध्ये मूळ कथा आणि संगीतावरचे हक्क पुढे करून तो परत नियंत्रणात आणला गेला, पण तोवर अभिजात चित्रपटांत त्याची जागा पक्की झाली होती. चित्रपट थोर आहेच. मात्र फक्त थोरपणावर तो इथवर पोचला असता असं मला वाटत नाही.

जाणकारांच्या याद्यांवरही ही छाया पडते. ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश नियतकालिकाने १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांचा कौल घेतला आहे. पहिल्या कौलात पहिला आला व्हित्तोरिओ दे सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’, जेमतेम चार वर्षांचा. त्या यादीच्या पहिल्या दहांत ‘सिटिझन केन’ नव्हताच. तो आरकेओचा, १९५६ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत आला, टीव्हीवरही पोचला, आणि १९६२ मध्ये थेट पहिला. ते स्थान त्याने २०१२ पर्यंत सोडलं नाही. मग ‘व्हर्टिगो’ आणि २०२२ मध्ये शांताल आकेरमान यांचा १९७५ चा ‘जान दीलमान’. या वेळी कौल देणाऱ्यांची संख्या १,६०० च्या वर गेली होती. मत देणारी माणसं बदलली, तशी यादी बदलली.

इंग्रजी मार्गदर्शिकांचं जग किती अपुरं होतं, हे भारतीय वाचकाला चटकन कळतं. त्यांत भारतीय सिनेमा बहुधा सत्यजित राय यांच्यापाशी सुरू होई आणि तिथेच थांबे. ही उणीव इथल्याच लोकांनी भरून काढली. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि पी. के. नायर यांनी मिळेल तिथून रिळं गोळा केली. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी हिंदी चित्रपटगीतांचे दशकवार कोश सिद्ध केले. गाणं आठवतं पण चित्रपट आठवत नाही, अशा रसिकाला त्यातून चित्रपटाचं नाव, साल, संगीतकार सगळं सापडतं. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय सिनेमाचा ज्ञानकोश १९९४ मध्ये आला. त्यात तारे नाहीत. चित्रपट कुठल्या परंपरेतून आला, कुणाचा वारसा सांगतो, यावर भर आहे, आणि मराठी, तमिळ, बंगाली चित्रपट हिंदीच्या बरोबरीने येतात. बारकाव्याने वाचणाऱ्याला ताऱ्यांपेक्षा याचा उपयोग जास्त.

नोंदीतल्या एका आकड्याकडे मात्र सहसा कुणी पाहत नाही: चित्रपटाची लांबी. वाहिन्या जाहिरातींसाठी चित्रपट सर्रास कापत. नोंदीतली मिनिटं आणि प्रक्षेपणाची वेळ ताडून पाहिली की किती कात्री लागली आहे याचा अंदाज येई. फ्रिट्झ लांग यांचा १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ बर्लिनमध्ये पूर्ण दाखवला गेला आणि लगेचच त्याची काटछाट झाली. पुढची ऐंशी वर्षं बहुतेक कोशांनी त्या छाटलेल्या रूपावर मत दिलं. कथा विस्कळीत असल्याची तक्रार वारंवार होई. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसमध्ये १६ मिलिमीटरची प्रत सापडली, त्यातून सुमारे २५ मिनिटांचा भाग परत मिळाला आणि २०१० मध्ये सुधारित आवृत्ती आली. काही पात्रांच्या हालचालींना तेव्हा कुठे अर्थ आला. जुन्या नोंदीतलं मत वाचताना ते कोणत्या आवृत्तीवर दिलं आहे हे पाहणं यासाठीच गरजेचं.

व्हिडिओ कॅसेट आल्यावर मार्गदर्शिकेचं काम पालटलं. आता वाहिनी लावेल ते पाहायचं नव्हतं, स्वतः निवडायचं होतं. पुस्तकं फुगत गेली. १९९० मध्ये कॉल नीडम यांनी सुरू केलेला चित्रपटांचा माहितीसंच इंटरनेटवर वाढला आणि लांबी, श्रेयनामावली, साल यांसाठी पुस्तक उघडायची गरज उरली नाही. मॉल्टिन यांनी २०१५ च्या आवृत्तीनंतर वार्षिक मार्गदर्शिका थांबवली.

जुन्या चित्रपटांच्या शोधात असणाऱ्यांनी या पुस्तकांच्या आधीच्या आवृत्त्या मिळतील तिथून जरूर घ्याव्यात. मॉल्टिन यांची वार्षिक मार्गदर्शिका फुगली तरी तिच्या पानांना मर्यादा होती. नवे चित्रपट आत आले की काही जुने बाहेर जात. त्यातल्या बऱ्याच नोंदींना मॉल्टिन यांनी २००५ पासून फक्त अभिजात चित्रपटांच्या वेगळ्या पुस्तकात जागा दिली, त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये आली. १९७० किंवा ८० च्या दशकातली प्रत हाती असेल, तर टीव्हीने त्या काळी कोणते चित्रपट समोर आणले होते आणि नंतर कोणते मागे पडले, हे दोन आवृत्त्या शेजारी ठेवून पाहता येतं. गळालेल्या नावांमध्ये दुय्यम दर्जाच्या गुन्हेगारी कथा, विसरलेले विनोदपट, फारसं नाव न झालेल्या दिग्दर्शकांची उमेदीतली कामं असतात. एखादं नाव आवडत्या छायालेखकाचं किंवा पटकथाकाराचं निघालं, की तिथून पुढची यादी आपली आपल्याला करता येते.